हिशोबात न बसणारं ४९ लिटर डिझेल

मंडणगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"सप्रेम नमस्कार. माझे पती डॉक्टर आहेत. आमचं आठ खाटांचं प्रसूतिगृह आहे. हिशोब, खरेदी, कामाची माणसं हे सगळं मी बघते. आमच्याकडे २५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. मे महिन्यात लाईट फार वेळा गेली. रजिस्टरप्रमाणे जनरेटर ४६ तास चालला आणि डिझेल लागलं ११८ लिटर. जनरेटरच्या माहितीपत्रकात पूर्ण लोडला तासाला ५.८ लिटर असं लिहिलं आहे. वायरमनने मोजून सांगितलं की आमचा नेहमीचा लोड ५ किलोवॅट, म्हणजे जनरेटरच्या ताकदीच्या पाव. पाव लोडला पाव डिझेल, म्हणजे तासाला फार तर दीड लिटर. ४६ तासांचे ६९ लिटर व्हायला हवे होते. मग उरलेलं ४९ लिटर गेलं कुठे? जनरेटर बघणारा मुलगा सहा वर्षं आमच्याकडे आहे. ह्यांचं म्हणणं, त्याला कामावरून काढावं. माझं मन घेत नाही, पण आकडे समोर आहेत. दुसरं असं, की निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती. तसं पुन्हा आलं तर चार दिवसांसाठी किती डिझेल साठवून ठेवावं?"

ताई, आधी एक विनंती. मी खाली सांगतो ती मोजणी होईपर्यंत त्या मुलाला एक शब्दही बोलू नका. डॉक्टरांनाही तेवढं थांबायला सांगा. तुमचं रजिस्टर नीट आहे, वायरमनचं मोजमापही बरोबर वाटतं. चूक झाली आहे ती एकाच पायरीवर, "पाव लोडला पाव डिझेल" इथे. ही चूक चांगली शिकलेली माणसंही करतात. मीही केली आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

चुलीवर भाकरी करायची तर आधी तवा तापवावा लागतो. भाकऱ्या चार करायच्या असोत की वीस, तवा तापवायला लागणारं सरपण ठरलेलंच असतं. प्रत्येक भाकरीमागे लागतं ते निराळं. वीस भाकऱ्यांच्या सरपणाला पाचाने भागून कोणी चार भाकऱ्या भाजायला बसलं तर ते सरपण पुरणार नाही, आणि त्यावरून "कोणीतरी लाकडं पळवली" असं म्हणता येणार नाही. तुमच्या हिशोबात हेच झालं आहे.

जनरेटरचा तवा म्हणजे त्याचं नुसतं फिरत राहणं. आपली वीज ५० हर्ट्झची. ती तशीच राहावी म्हणून तुमच्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत राहतं, लोड असो वा नसो. गाडी सिग्नलला थांबली की इंजिन मंदावतं. जनरेटरला ती मुभा नाही. रात्री दोन वाजता एक पंखा आणि दोन दिवे चालू असले तरी १५०० फेरेच. त्या फेऱ्यांत पिस्टन घासतात, ऑइलचा पंप चालतो, रेडिएटरचा पंखा गरागरा फिरतो, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये चुंबकत्व टिकवावं लागतं. या सगळ्याला डिझेल लागतं, आणि त्यातलं काहीच तुमच्या दिव्यापर्यंत पोचत नाही.

एक लिटर डिझेल जाळलं की उष्णतेच्या रूपात साधारण १० युनिट ऊर्जा निघते. (एक किलोवॅटचा लोड तासभर चालला की एक युनिट.) या आकाराचा जनरेटर नीट लोडवर असेल तर त्यातून तीन-साडेतीन युनिट वीज हाती येते. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि रेडिएटरमधून जाते. पाव लोडवर मात्र हीच मिळकत दोन युनिटांच्या आसपास येते. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं, तर पूर्ण लोडवर तुमचं एक युनिट २६ रुपयांना पडतं आणि ५ किलोवॅटवर तेच युनिट ४२ रुपयांना.

आता आकडे मांडू. डिझेल जनरेटरच्या खपाचे दोन भाग करायचे. पहिला भाग तासांचा: क्षमतेच्या प्रत्येक किलोवॅटमागे दर तासाला साधारण ६० ते ८० मिलीलिटर, लोड कितीही असला तरी. दुसरा भाग युनिटांचा: काढलेल्या प्रत्येक युनिटमागे २३० ते २७० मिलीलिटर. तुमचा २५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) २० किलोवॅट. जनरेटर चांगल्या स्थितीत असेल तर तासाला १.२ लिटर नुसत्या फिरण्याचं आणि युनिटमागे ०.२३ लिटर. पूर्ण लोडवर ताडून बघा: १.२ अधिक २० गुणिले ०.२३, म्हणजे ५.८. तुमच्या माहितीपत्रकातला आकडा तंतोतंत आला. निम्म्या लोडवर, म्हणजे १० किलोवॅटवर, ३.५ लिटर. आणि तुमच्या नेहमीच्या ५ किलोवॅटवर? दीड लिटर नव्हे, २.३५ लिटर.

४६ तासांना २.३५ लावले की १०८ लिटर होतात. तुमचं ४९ लिटरचं भगदाड इथेच १० लिटरवर आलं.

त्या १० लिटरचंही उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही पुढे लिहिलं आहे की लाईट नसताना ३ एचपीची विहिरीची मोटर आणि ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) जनरेटरवरच चालवावे लागतात. मोटरला अडीच-तीन किलोवॅट, ऑटोक्लेव्हला दीड-दोन. म्हणजे ते दोन्ही चालू असताना लोड ५ नसतो, ९ किलोवॅटच्या आसपास असतो. ४६ तासांतले १० तास असे गेले असं धरू. त्या १० तासांना तासाला ३.२७ प्रमाणे ३२.७ लिटर, उरलेल्या ३६ तासांना ८४.६ लिटर. बेरीज ११७.३. तुमच्या रजिस्टरात ११८ आहे.

मोटर नेमकी किती तास चालली हे मला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक असेल. पण एवढं निश्चित, की ११८ लिटर हा आकडा चोरीचा पुरावा नाही. प्रामाणिकपणे चालवलेल्या जनरेटरचा तो आकडा असू शकतो. ११८ ऐवजी ६९ आले असते तर मी तुम्हाला रजिस्टरच पुन्हा तपासायला सांगितलं असतं.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकात मी नाशिकजवळच्या एका कारखान्यात विजेच्या विभागात होतो. तिथल्या मोठ्या जनरेटरचा खप जास्त दिसतो म्हणून साहेबांनी मला हिशोब करायला सांगितला. मी तुमच्यासारखाच त्रैराशिकाने केला. पूर्ण लोडला इतकं, तर तिसऱ्या हिश्श्याला इतकं. कागदावर महिन्याला शेकडो लिटर कमी भरत होतं. जनरेटरवर पन्नाशीचे एक ऑपरेटर होते. त्यांना कोणी चोर म्हटलं नाही, पण बोलावून तो कागद दाखवला. ते काही न बोलता दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात नवा माणूस होता, डिझेलला कुलूप होतं, चावी साहेबांकडे होती, आणि खप तितकाच आला. तेव्हा मी पहिल्यांदा लोड बदलून मोजलं आणि माझी चूक मला कळली. मी त्यांच्या खोलीवर गेलो, तर ते घरच्यांना घेऊन गावी निघून गेले होते. त्यांचा पत्ता मला कोणाकडून मिळाला नाही. म्हणून तुमचं पत्र आल्यावर मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

माझे १.२ आणि ०.२३ हे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या जनरेटरचे खरे आकडे तुमच्याच अंगणात निघतील. त्याला दोन सकाळी आणि एक मापाचा डबा लागेल. ज्या दिवशी प्रसूतीच्या कळा सुरू झालेली कोणी नाही आणि शस्त्रक्रिया ठरलेली नाही, अशाच दिवशी हे करा.

पहिल्या सकाळी जनरेटरची टाकी गळ्यापर्यंत भरा. गळ्याच्या आत एक खूण धरा आणि तिथवरच भरा. डिझेल ओतताना फेस येतो, तो बसेपर्यंत थांबा आणि मग खुणेला आणा. अवर मीटरचा, म्हणजे जनरेटर किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरचा, आकडा लिहा. मग चेंजओव्हर (लाईट की जनरेटर ते ठरवणारा स्विच) जनरेटरकडे करून नुसता नेहमीचा लोड दोन तास चालवा. या वेळात मोटर, ऑटोक्लेव्ह, एसी काही लावू नका. दर पंधरा मिनिटांनी पॅनेलवरचे तिन्ही फेजचे अँपिअर लिहून ठेवा. दोन तासांनी बंद करा, इंजिन निवू द्या आणि मगच मापाच्या डब्याने पुन्हा त्याच खुणेपर्यंत डिझेल भरा. चालू किंवा तापलेल्या जनरेटरमध्ये डिझेल ओतायचं नाही, कितीही घाई असली तरी. जितकं मावलं तितकं जळलं.

मोजणी अर्ध्या तासात उरकण्याचा मोह होतो. तो टाळा. पेलाभर, म्हणजे २०० मिलीलिटरची चूक खुणेच्या वरखाली कोणाचीही होते. अर्ध्या तासात तुमचा खप सव्वा लिटरच्या आत, त्यात पेलाभर म्हणजे १७ टक्क्यांची गडबड. दोन तासांत पावणेपाच लिटर जातं, तिथे तीच चूक चार टक्क्यांची होते. आणि दोन्ही वेळा मोजणारा माणूस एकच असू द्या, म्हणजे खूण बघण्याची त्याची नजर दोन्ही वेळा सारखी राहील.

दुसऱ्या सकाळी हेच सगळं, पण मोटर, ऑटोक्लेव्ह, एसी, गिझर, जे असेल ते लावून. एकाच वेळी चालू करू नका, एकेक करत वाढवा. मोटर थेट सुरू होताना आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सात पट ओढते, म्हणून मोटर आधी आणि बाकीचं नंतर. ऑटोक्लेव्ह आणि गिझर तापले की आपोआप बंद होतात, त्यामुळे त्या दोन तासांत अँपिअर खालीवर होतील. पंधरा मिनिटांनी लिहिलेल्या आकड्यांची सरासरी त्यासाठीच.

अँपिअरवरून किलोवॅट काढायला तिन्ही फेजचे अँपिअर जोडा आणि १८४ ने गुणा, वॅट मिळतील. (२३० व्होल्ट गुणिले ०.८ पॉवर फॅक्टर म्हणजे १८४.) तिन्हींची बेरीज २७ आली तर साधारण ५ किलोवॅट. पॅनेलवर थेट किलोवॅट दिसत असतील तर हा खटाटोप नको, तेच घ्या.

समजा पहिल्या दिवशी ५ किलोवॅटवर दोन तासांत ४.७ लिटर गेलं, म्हणजे तासाला २.३५. दुसऱ्या दिवशी १२ किलोवॅटवर ७.९ लिटर, म्हणजे तासाला ३.९५. लोड वाढला ७ किलोवॅटने आणि डिझेल वाढलं १.६ लिटरने. १.६ भागिले ७, म्हणजे युनिटमागे ०.२३. आता २.३५ मधून ५ युनिटांचे १.१५ वजा करा. राहिले १.२. हा तुमचा तवा. तुमचे आकडे थोडे निराळे येतील. जुन्या जनरेटरचा तवा दीड लिटरचाही निघतो.

या दुसऱ्या सकाळचा आणखी एक उपयोग आहे. पाव लोडवर महिनोन्महिने चालणाऱ्या डिझेल इंजिनात पुरेशी उष्णता होत नाही. डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी साठते, धुराड्याच्या तोंडाशी काळं तेलकट ओघळ दिसू लागतात. लोड ३० टक्क्यांच्या खाली फार काळ राहू नये म्हणतात ते यासाठी. तुमच्याकडे तो नेहमीच खाली आहे. म्हणून महिन्यातून एकदा तासभर सगळं लावून त्याला १३-१४ किलोवॅटवर चालवा. त्यात जाणारं चार-साडेचार लिटर वाया गेलं असं समजू नका.

काही जण टाकीतून इंजिनकडे जाणाऱ्या नळीवर मीटर बसवून देतो म्हणून सांगतील. नुसत्या त्या एका नळीवर बसवला तर पैसे घालवाल. पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि न जळलेलं परतीच्या नळीने टाकीत सोडतो. जाणारं मोजलं आणि परत येणारं मोजलं नाही तर खप दुप्पट-तिप्पटही दिसेल, आणि पुन्हा संशय माणसावरच.

त्यापेक्षा जनरेटरच्या आउटपुटवर एक साधा थ्री-फेज युनिट मीटर बसवून घ्या, वायरमन तासाभरात लावून देईल. तुमच्या रजिस्टरात आज दोनच रकाने आहेत, तास आणि लिटर. तिसरा रकाना युनिटांचा करा. मग महिन्याअखेरीला एकच बेरीज: तास गुणिले १.२, अधिक युनिट गुणिले ०.२३. मोटर किती वेळ चालली, एसी कोणी लावला, कसलीच चौकशी नको. मे महिन्यात तो मीटर असता तर २७० च्या आसपास युनिट दिसले असते आणि हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती.

ही बेरीज आणि प्रत्यक्ष खप यांत पाच-सात टक्के फरक राहील, त्याकडे लक्ष देऊ नका. उन्हात तापलेलं डिझेल फुगतं, दहा अंशांना जवळपास पाऊण टक्का. आठवड्याची दहा मिनिटांची ट्रायल कधी रजिस्टरात चढत नाही. फरक सलग दोन महिने पंधरा टक्क्यांवर गेला तर आधी एअर फिल्टर बघा, मग इंजेक्टर, मग नळ्यांचे जोड आणि टाकीखालची फरशी. काळा धूर येत असेल तर मेकॅनिकला बोलवाच. पंपावरून कॅनमध्ये येणारं डिझेलही एकदा मापाने मोजून बघा. हे सगळं ठीक निघालं तरच माणसाशी बोलायची वेळ येते, आणि तेव्हाही चौकशी म्हणून.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. सोसायटीचा १२५ केव्हीएचा जनरेटर म्हणजे १०० किलोवॅट. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून लोड २५ किलोवॅट असेल तर तासाला ७ लिटर नुसतं फिरण्याचं आणि सव्वासहा लिटर कामाचं, एकूण सव्वातेरा. सर्वसाधारण सभेत "पाव लोडला आठ लिटर लागायला हवं" असं कोणी म्हटलं तर त्यांना हा हिशोब दाखवा. पेट्रोलच्या छोट्या जनरेटरना मात्र हे आकडे लावू नका. ते लिटरला जेमतेम दीड-दोन युनिट देतात.

ताई, आता तुमचा दुसरा प्रश्न. ३ जून २०२० ला निसर्ग किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. तुमच्याकडे खांबच आडवे झाले की लाईट यायला किती दिवस लागतात हे तुम्ही भोगलं आहे. त्या दिवसांत पंपावर डिझेल असलं तरी पंप चालवायला वीज नसते, आणि रस्त्यात झाडं पडलेली असतात. म्हणून चार दिवसांचा साठा घरात हवा हा तुमचा विचार अगदी योग्य आहे.

चोवीस तास जनरेटरच चालू ठेवला तर काय होईल ते आधी बघू. दिवसाचे १६ तास सरासरी ४ किलोवॅट म्हणजे ६४ युनिट, रात्रीचे ८ तास १ किलोवॅटने ८ युनिट. एकूण ७२ युनिटांचं डिझेल १६.६ लिटर. आणि २४ तास फिरण्याचं? २८.८ लिटर. दिवसाला ४५ लिटरच्या वर, त्यातलं निम्म्याहून जास्त नुसत्या तव्याचं. रात्रीपुरतं वेगळं बघितलं तर आठ तासांत जवळपास साडेअकरा लिटर डिझेल जाळून तुम्ही आठच युनिट वापरता. १ किलोवॅटवर एक युनिट जवळजवळ १३० रुपयांना पडतं.

म्हणून माझा सल्ला, वादळाच्या तयारीत पहिला खर्च इन्व्हर्टरवर करा. रात्री खरोखर काय लागतं त्याची यादी करा: वॉर्डातले एलईडी दिवे, कमी वीज खाणारे पंखे, लसींचा फ्रिज, नर्सच्या टेबलाचा दिवा. हे ४०० वॅटमध्ये बसवता येतं. आठ तासांचे ३.२ युनिट. १५० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या म्हणजे कागदावर ७.२ युनिट. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही हे पाळलं तरी साडेतीन युनिट हाती राहतात. दिवसा जनरेटर चालूच असतो, तेव्हा त्या भरून घ्यायच्या. भरताना तूट धरून साडेचार युनिट लागतील, आणि तवा आधीच तापलेला असल्यामुळे त्याला डिझेल लागेल फक्त एक लिटर. रात्रीच्या साडेअकरा लिटरांच्या जागी एक लिटर. आणि वॉर्डात शांतता. बाळंतिणीला आणि बाळाला रात्री इंजिनाची घरघर नसेल, याचं मोल तुम्हाला मी सांगायला नको.

नवजात बाळाचा वॉर्मर मात्र या ४०० वॅटमध्ये बसत नाही. तो एकटाच पाचशे-सहाशे वॅट घेतो. वॉर्मरवर बाळ असेल त्या रात्री जनरेटर चालवायचा. तिथे डिझेलचा विचार करायचा नाही.

इन्व्हर्टर धरून आता दिवसाचा हिशोब: १६ तासांचे १९.२ लिटर, साडेअडुसष्ट युनिटांचे १५.८, मिळून ३५ लिटर. चार दिवसांचे १४०. मध्यरात्री तातडीचं सिझेरियन आलं तर ९ किलोवॅटने दोन तासांना साडेसहा लिटर लागतात. अशी दोन-तीन धरा. वर अंदाज चुकण्याची जागा ठेवली की आकडा १७५ च्या आसपास येतो. २०० लिटरचं एक पिंप. इन्व्हर्टर नसता तर हाच आकडा दोनशेच्या पुढे, म्हणजे दुसरं पिंप उघडावं लागलं असतं.

परवान्याची काळजी तुम्हाला असेल. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेल ब वर्गात येतं. एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत, आणि कोणतंही एक भांडं १००० लिटरच्या आतलं असेल, तर साठवायला परवाना लागत नाही. पेट्रोलला ही सवलत नाही, त्याची मर्यादा ३० लिटरची आहे. म्हणून स्कूटरचं पेट्रोल त्याच खोलीत भरून ठेवू नका.

पिंप कुठे ठेवाल याला मी परवान्यापेक्षा जास्त महत्त्व देतो. ऑक्सिजनच्या सिलिंडरांपासून लांब, वेगळ्या इमारतीत किंवा पडवीत. जिन्याखाली तर नकोच. पुराचं पाणी येणार नाही अशा उंचीवर, लाकडी ओंडक्यांवर आडोशाला. शेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या. कोकणच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या पिंपात आतून घाम सुटतो, ते पाणी तळाशी बसतं, आणि पाणी नि डिझेल भेटतात तिथे चिकट बुळबुळीत थर धरतो. हाच थर ऐन वादळात फिल्टर तुंबवतो. म्हणून मे महिन्यात पिंप जवळजवळ पूर्ण भरा, डिझेल फुगायला वर थोडी जागा ठेवा आणि घट्ट बंद करा. उपसताना हातपंपाची नळी तळापासून चार बोटं वर ठेवा. पावसाळा सरला की ते डिझेल रोजच्या कामात संपवा आणि पुढच्या मेमध्ये नवं भरा. दोन जादा डिझेल फिल्टर आणि एक फॅनबेल्ट त्याच खोलीत टांगून ठेवा.

आणि त्या मुलाबद्दल. मोजणी त्याच्या पाठीमागे करू नका, त्याच्याकडूनच करून घ्या. खुणेपर्यंत डिझेल तो भरेल, अवर मीटर तो वाचेल, तुम्ही शेजारी उभं राहून लिहा. सहा वर्षं त्या जनरेटरजवळ राहिलेला माणूस आहे. इंजिनाच्या आवाजावरून लोड वाढलेला त्याला तुमच्या वायरमनच्या आधी कळत असेल. दोन सकाळचे आकडे आले की त्याला हा तव्याचा हिशोब समजावून सांगा, आणि रजिस्टरात युनिटांचा तिसरा रकाना त्याच्याच हातून आखून घ्या. डॉक्टरांना मे महिन्याची बेरीज नव्याने मांडून दाखवा, ५५ लिटर तासांचे आणि ६२ युनिटांचे. तुमचे दोन दिवसांचे आकडे मला कळवा. तवा दीड लिटरच्या वर आला तर एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला तेही लिहा.